‘शिक्षणात रस नाही’ असं लिहिण्याआधी

(मंगळवेढा इथं महिला गटांच्या मेळाव्यात एका समाजकार्यकर्तीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ज्या मुलींविषयी ती बोलली त्यांची नावं आणि गावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

मला विषय दिला आहे, ‘शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवण्याचं काम हे करिअर म्हणून कसं सापडलं’. खरं सांगायचं तर मला ते सापडलं नाही. माझ्या हातून एक चूक झाली, त्या चुकीच्या मागं मागं जाताना मी या कामापाशी पोचले. म्हणून आधी चूक सांगते.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला थोडेच दिवस झाले होते. शाळेतून गळालेल्या मुलींची पाहणी करायचं काम एका प्रकल्पात मिळालं होतं. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडच्या, कायम पाण्याची ओरड असलेल्या गावांमध्ये मी फिरत होते. हातात एक तक्ता. मुलीचं नाव, वय, इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण. कारणांसाठी तयार खाने होते: स्थलांतर, घरकाम, लहान भावंडं, शाळा लांब, लग्न, शिक्षणात रस नाही.

एका घरी चौदा वर्षांची मुलगी होती. सातवीतून शाळा सुटलेली. आई म्हणाली, “काय सांगू बाई, डोस्क्यात काय बी शिरत न्हाई तिच्या. कामाला मातूर चांगली हाय.” मुलगी दाराशी उभी होती. मी तिची वही मागितली. वही इतकी नीटनेटकी, की वर्गात तशी दुसरी नसावी. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पानावर बाईंची बरोबरची खूण, कुठं कुठं ‘छान’ असा शेरा. मी म्हटलं, “एवढं छान लिहितेस, वाचून दाखव की.” ती गप्प. मी पुन्हा म्हटलं. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

मी ‘शिक्षणात रस नाही’ या खान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेले. सहा महिन्यांनी कळलं, तिचं लग्न लावून दिलं होतं.

आता मला माहीत आहे की त्या वहीतली अक्षरं तिनं लिहिलेली नव्हती, काढलेली होती. आपण रांगोळी काढतो तशी. फळ्यावर जे दिसेल ते ती हुबेहूब उतरवायची, पण त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. सात वर्षं ती वर्गात बसली, सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी तर पदवीधर समाजकार्यकर्ती!

मुलगी गप्प बसते, म्हणून दिसत नाही

पुढं दोन वर्षांनी सोलापुरात पाच दिवसांच्या एका कार्यशाळेला गेले. तिथं ‘अध्ययन अक्षमता’ हा विषय होता. मुलाची बुद्धी नेहमीसारखी, डोळे-कान ठीक, शाळेत नियमित जातं, तरी वाचणं, लिहिणं किंवा गणित यांतलं एखादं कौशल्य त्याला वयाच्या मानानं जमतच नाही. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लेखनातल्या अडचणीला डिसग्राफिया, गणितातल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया. शिकवताना त्यांनी एक वही दाखवली. सुबक नक्कल एका पानावर, आणि शेजारच्या पानावर त्याच मुलाचं श्रुतलेखन: काना नाही, वेलांटी भलतीकडं, शब्द ओळखू येत नाहीत. मला त्या दाराशी उभ्या मुलीची आठवण झाली आणि पोटात गोळा आला. तिच्या वहीत श्रुतलेखनाचं एकही पान नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

ही गोष्ट काही नवी नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं होतं, की हा हुशार आहे, पण वाचू शकत नाही. ‘अध्ययन अक्षमता’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली रूढ केला. आपल्याकडं सामान्य माणसापर्यंत ही गोष्ट पोचली ती २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या सिनेमामुळं. त्या सिनेमातलं मूल मुलगा आहे, हे लक्षात ठेवा.

शाळांना विचारलं तर त्या सांगतात, ही अडचण मुलांना जास्त, मुलींना कमी. १९९० साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळांनी ज्यांना ‘वाचनात अडचण’ म्हणून निवडलं होतं त्यांत मुलगे मुलींच्या कितीतरी पट होते. पण संशोधकांनी सरसकट सगळ्या मुलांची चाचणी घेतली तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात फारसा फरक निघाला नाही. पुढच्या काही अभ्यासांत मुलगे थोडे जास्त निघाले, पण शाळेच्या यादीइतके कधीच नाही. मग यादीत मुली का नव्हत्या? ज्याला वाचता येत नाही असा मुलगा खोड्या काढतो, बाकावरून उठतो, बाईंना त्रास देतो. बाई त्याच्याकडं बघतात. मुलगी गप्प बसते, नक्कल करते, वर्ग झाडते, पाणी भरते. ‘गुणाची पोर’ म्हणून ती नजरेतून सुटते. आपण मुलींना गप्प बसायला शिकवतो, त्याची किंमत ही अशीही असते.

आणि सापडल्यावर तरी काय होतं? मुलाला शिकवणी लावतात. मुलीला स्थळ बघतात. ‘डोकं नाही’ हा शेरा मुलासाठी काळजी असते, मुलीसाठी निकाल असतो. आपण बालविवाहाविरुद्ध बोलताना गरिबी, हुंडा, असुरक्षितता ही कारणं सांगतो. ती खरीच आहेत. त्यांच्या जोडीला हे एक कारण लिहा: मुलीला वाचता येत नाही, हे कुणी शोधलंच नाही.

आपली मराठी आणि या अडचणी

बरेच जण म्हणतात, हे इंग्रजी शाळांतलं खूळ आहे. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, तिच्यात कसला आलाय डिस्लेक्सिया! हे अर्धंच खरं आहे. इंग्रजीतले स्पेलिंगचे घोळ आपल्याकडं नाहीत. पण आपले घोळ निराळे आहेत. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ ऐकू येतो, मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. ‘सूर्य’मधला ‘र’ ‘य’च्या आधी ऐकू येतो आणि दिसतो ‘य’च्या डोक्यावर. जोडाक्षरात अक्षर अर्धं होतं. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांत तसूभर फरक. ज्या मुलाला ध्वनी आणि चिन्ह यांची जोडी बसवायलाच कष्ट पडतात, त्याला हे सगळं एकदम अंगावर येतं.

अंकांचं तेच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून ३९. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ असं म्हणण्याची पद्धत सुचवली, तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. भाषेचं नुकसान होईल की नाही यावर वाद घाला, माझी हरकत नाही. पण माझ्यासमोरच्या मुलीला ‘वीस पाच’ म्हटल्यावर पहिल्यांदा बरोबर लिहिता आलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही.

मात्र एक सावधगिरी. वाचता येत नाही असं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसतं. आपल्या सीमेवरच्या गावांत घरी कानडी बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं मूल वर्षातले चार-पाच महिने शाळेतच नसतं. त्यांना शिकवलंच गेलेलं नाही, त्यांच्यात दोष कसला शोधता? कार्यशाळेतून आल्यावर मी हीच चूक केली. पाच दिवसांच्या शिदोरीवर एका मुलाला ‘हा डिस्लेक्सिक’ म्हणून मोकळी झाले. सुदैवानं एका डॉक्टरांनी त्याला तपासलं. त्याचा कान कित्येक महिने वाहत होता. त्याला बाईंचं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, हे काम करायचं तर नीट शिकूनच करायचं.

शिकणं, आणि त्याची किंमत

विशेष शिक्षक व्हायला दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रम असतो, त्यात अध्ययन अक्षमता ही एक शाखा आहे. अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला हवा आणि पुढं परिषदेकडं नोंदणी हवी. तसा १९९२ सालचा कायदाच आहे. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे. आपल्या भागातली मुलगी हे शिकायला निघाली तर तिला बहुधा घर सोडून शहरात राहावं लागतं. मीही राहिले. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. सासूबाईंनी तिला सांभाळलं, म्हणून मी शिकले. गावात लोक म्हणाले, “लेकरू टाकून दुसऱ्यांची लेकरं शिकवायला निघाली.” नवरा नोकरीसाठी परगावी राहत होता, त्याला असं कुणी म्हणालं नाही.

मी काय करते ते सांगते, कारण लोकांना वाटतं काहीतरी औषध देतात. औषध नसतं. आधी मुलाचे डोळे, कान तपासून घेते. घरची भाषा, शाळेतली हजेरी विचारते. चाचण्या आणि निदान हे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी मिळून करायचं असतं, एकट्यानं नाही. मराठीत अशा चाचण्यांची फार चणचण होती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ च्या सुमारास ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्या, त्यांत मराठीही आहे, हा मोठा आधार झाला.

मग शिकवणं. आठवड्यातून तीनदा, एका वेळी फार तर पाऊण तास. परातीत ज्वारी पसरायची, आपल्या मालदांडीला यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही. त्यात बोटानं अक्षर गिरवायचं, गिरवताना मोठ्यानं आवाज काढायचा, डोळ्यांनी पाहायचं. डोळा, कान, हात तिन्ही एकाच वेळी कामाला लावायचे. एका दिवशी एकच अक्षर. ते पक्कं झाल्याशिवाय दुसरं नाही. दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवायची नाहीत. आधी काना-मात्रा नसलेले शब्द, मग काना, मग बाकीचं. जोडाक्षरं शेवटी. काल आलेलं आज विसरलं तर रागवायचं नाही, पुन्हा परात.

ही रीत मूळची अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींची. अमेरिकेत १९३० च्या दशकात डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांच्या संशोधनाच्या आधारे त्यांनी ती बांधली. आज जगभर तिला ‘ऑर्टन-गिलिंगहॅम’ म्हणतात. डॉक्टरांचं नाव पहिलं, आणि स्टिलमनबाईंचं नाव गळालंच. ही गळतीही आपल्या ओळखीची आहे.

दाखला काढायचा का?

महाराष्ट्रात १९९६ साली अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळाल्या. जादा वेळ, लेखनिक, गणितात गणकयंत्र अशा. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि पालक बोलू लागले. पण १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातल्या सात प्रकारांत ही अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले, त्यांत ती आली. आता हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. मात्र त्यासाठी दाखला लागतो.

एका मुलीची आई शेतमजूर, नवरा वारलेला. मुलगी सहावीत माझ्याकडं आली. निदान झालं. मी आईला म्हटलं, दाखला काढू. ती म्हणाली, “अपंगाचा दाखला काढला तर पोरीचं लगीन कसं व्हायचं?” मी तिला कायदा सांगितला, हक्क सांगितले, लग्न हेच सर्वस्व नाही हेही सांगितलं. चांगलं दहा मिनिटांचं भाषण केलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या पोरीचा काढला असता का, ताई?”

माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं. मैत्रिणींनो, आपण कार्यकर्त्या हक्काची भाषा फार सहज बोलतो. त्या हक्काची किंमत जिला गावात राहून मोजायची आहे, ती आपल्याला दिसत नाही. मुलाच्या नावापुढं ‘अक्षम’ लागलं तर त्याला शिकवणी मिळते. मुलीच्या नावापुढं लागलं तर ती लग्नाच्या बाजारात पडून राहते, आणि त्याबद्दलही बोल आईलाच. “आईचं लक्ष नव्हतं”, “पोटात असताना ग्रहण पाळलं नसेल”, हे मी प्रत्येक गावात ऐकलं आहे. बापाला कुणी विचारत नाही.

मी त्या आईला म्हटलं, “दाखला राहू द्या. शिकवायला दाखला लागत नाही.” आणि आम्ही शिकवायला लागलो. हे लक्षात ठेवा. परीक्षेतल्या सवलतीला कागद लागतो, वाचायला शिकवायला लागत नाही. तीन वर्षं गेली. मुलगी नववीत आल्यावर तिला स्वतःलाच दिसलं, की तिला येतं, पण वेळ पुरत नाही. ती आईला म्हणाली, “काढू या.” आईनं मजुरी बुडवून सोलापूरच्या दोन खेपा केल्या. आता दहावीला तिला जादा वेळ मिळेल. निर्णय तिचा होता. आणखी एक: तिच्यासाठी आलेलं स्थळ आईनं परत पाठवलं. म्हणाली, “पोरगी पेपर वाचतीया, तिला आता कसं उठवू?”

हे काम आहे, सेवा नव्हे

आता करिअरविषयी, कारण आयोजकांनी मला त्यासाठीच बोलावलं आहे. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बाया आहेत. म्हणूनच त्याला ‘सेवा’, ‘माया’, ‘आईची दुसरी रूपं’ म्हणतात. जिथं हे शब्द येतात तिथं पगाराचा आकडा लहान होतो, हा माझा अनुभव आहे. मी तीन शाळांत तुकड्या-तुकड्यानं जाते, शनिवारी केंद्र चालवते, आणि सगळं मिळून कायम शिक्षिकेच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. एका संस्थाचालकांनी मला विचारलं होतं, “तुम्हाला पुण्य मिळतंय, पैसे कशाला?” मी म्हटलं, “एस.टी.चा वाहक पुण्यावर तिकीट देत नाही.”

राज्यात कितीतरी विशेष शिक्षिकांनी वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक वर्गांना दहा मुलांमागं एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा. तुमच्या गावच्या शाळेत किती आहेत, मोजून पाहा. ज्या दिवशी ही पदं खरोखर भरतील, त्या दिवशी आपल्या तालुक्यातल्या शिकलेल्या मुलींना इथंच, कायमचं, कौशल्याचं काम मिळेल. मुलांचा हक्क आणि बायांचा रोजगार या दोन मागण्या नाहीत, एकच आहे.

तोवर आपल्या गटांनी काय करावं? गळतीची पाहणी करता तेव्हा ‘शिक्षणात रस नाही’ हा खाना काढून टाका. त्याऐवजी मुलीला चार ओळी वाचायला द्या आणि चार शब्द सांगून लिहायला लावा. वहीची सुबकता पाहून फसू नका. अडली तर आधी डोळे, कान, मग हजेरी, मग घरची भाषा, हा क्रम धरा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपल्या बाया असतात, त्यांनी विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात हे विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. मुलीच्या आईला दोष देणारं वाक्य जिथं ऐकाल तिथंच थांबवा.

मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं गाव म्हणतात. दुष्काळात त्यांनी कोठार उघडलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोठार भरलेलं होतं आणि दाराशी माणसं उपाशी होती, हा त्या कथेतला पहिला भाग. माझी मुलं शाळेत अशीच बसलेली असतात.

शेवटी त्या पहिल्या मुलीविषयी. गेल्या वर्षी बचत गटाच्या प्रशिक्षणाला एक बाई आल्या. हजेरीपटावर सगळ्या सह्या करत होत्या, त्यांनी सही इतकी देखणी काढली की मी मान वर करून पाहिलं. तीच होती. दोन लेकरांची आई. मी तिला सगळं सांगितलं, त्या तक्त्यातल्या खुणेसकट. माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी हाय.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “आता येईल का?”

आता ती शनिवारी येते. परातीपुढं बसते. ‘घ’ आणि ‘ध’ अजून अडतात. मागच्या शनिवारी तिनं गटाच्या पासबुकावरचं स्वतःचं नाव वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर, सावकाश. बारा वर्षं उशिरा. तुमच्या गावातल्या मुलीला एवढा उशीर होऊ देऊ नका.